जुनं घर घेताना : भिंतीचा इतिहास आणि कागदाचा इतिहास



आपल्या दाभोळच्या खाडीकाठी कुठल्याही वाडीत जा, दोन-चार घरांना तरी कुलूप दिसतंच. घरची माणसं मुंबईला, पुण्याला, नाहीतर आखातात. काही घरं गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडतात, काही तर तेव्हाही नाही. आता त्यांतली काही विकायला निघाली आहेत. गटाच्या बैठकीत बायका विचारतात, "ताई, नवं बांधायला झेपत नाही. जुनं घेऊन डागडुजी केली तर?" प्रश्न चांगला आहे. पण जुनं घर घेणारी बाई भिंतींबरोबर त्या घराचा सगळा इतिहासही विकत घेते. म्हणून आजच्या बोलण्यात थोडा इतिहास सांगते.

दाभोळ हे फार जुनं बंदर. बहामनी काळात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी इथूनच जहाजात बसून परतीला निघाला होता. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हे गाव जाळलं, लुटलं. तरी ते पुन्हा उभं राहिलं. आज इथली सगळ्यांत देखणी जुनी इमारत म्हणजे आदिलशाही काळातली मशीद. विजापूरच्या एका शहजादीने, माँसाहेबांनी, ती बांधवली असं गावात परंपरेने सांगतात. शहजादीचं नाव दगडाला चिकटून राहिलं. पण आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या घरांची जमीन आयुष्यभर सारवली, त्या घरांच्या कागदावर त्यांचं नाव शोधायला गेलं तर सापडत नाही. आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

घर काय सांगतं

जुनं घर बघताना आधी वर बघा. फार पूर्वी गरिबाचं घर गवताने नाहीतर पेंढ्याने शाकारलेलं असे. त्यानंतर कुंभाराची नळीची कौलं आली. मंगलोरी कौलं त्याच्याही नंतरची. बासेल मिशनने मंगळूरला 1865 साली कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे तशी चपटी कौलं समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आली. एखादं कौल काढून उलटं करा, बऱ्याचदा कारखान्याचं नाव उठवलेलं दिसतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगड भागातली कितीतरी छपरं उडाली. म्हणून घरावर नवे पत्रे दिसले तर खालचे वासे, रिपा आणि आढं वादळानंतर बदलले की जुन्यावरच पत्रा मारला, हे विचारा.

मग भिंत. आपला जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून चिऱ्याचं घर शंभर वर्षं टिकतं. पण चिरे कशात बसवलेत ते महत्त्वाचं. मातीत बसवलेल्या भिंतीवरून बाहेरचा गिलावा गेला की पाऊस सांध्यांतली माती धुऊन नेतो. आपल्याकडे पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा घर बघायचं तर भर पावसात. मे महिन्यात सगळीच घरं कोरडी असतात. जोत्याला ओल किती चढते, मागच्या पडवीत पाणी कुठून येतं, हे आषाढातच कळतं.

लाकूड ठोकून बघा. खांब भरीव वाजला तर बरा, पोकळ वाजला तर आत वाळवी. भिंतीवरून वर चढलेल्या मातीच्या बारीक रेघा शोधा, तो वाळवीचा रस्ता. एकटीने जाऊ नका. गावातला सुतार आणि गवंडी सोबत न्या, त्यांची दिवसाची मजुरी द्या आणि दुरुस्तीचा अंदाज कागदावर लिहून घ्या. पुढे भाव करताना तोच कागद कामाला येतो.

घर कुणी उभं केलं

आता माणसांकडे येऊ. शंभर-सव्वाशे वर्षं आपल्याकडचे पुरुष मुंबईला गेले, गिरण्यांत, गोदीत, बोटींवर. मागे घर बायकांनी सांभाळलं. मनिऑर्डर यायची, तिच्यात खावटी भागवून चार पैसे बाजूला पडले की एका वर्षी मागची पडवी, एका वर्षी ओटी. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अनेकांची नोकरी कायमची गेली. त्या वेळी कितीतरी घरं बायकांच्या मजुरीवर तगली.

आपल्याच दापोली तालुक्यातल्या पालगडची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये वेगळं राहायची वेळ येते, तेव्हा आई घरासाठी हातातल्या पाटल्या काढून देते. पुढे कर्ज वाढतं आणि जप्तीची वेळ येते, तेव्हा अपमान सोसायला तीही असते. पण कर्ज काढताना कागद पुरुषांच्या हातात होता. सोनं बाईचं आणि सही पुरुषाची, ही एका घराची गोष्ट नव्हती, सगळ्या मुलखाची होती.

कागद काय सांगतो

कोकणात बहुतेक गावं खोतीची. घर कुळाचं, जागा खोताची, असं पुष्कळ ठिकाणी होतं. 1948 चा कूळकायदा आणि 1949 चा खोती नष्ट करण्याचा कायदा आल्यावर जमिनी कुळांच्या नावे होऊ लागल्या. त्या काळाच्या खुणा सातबारावर आजही आहेत. 'कूळकायदा कलम 43' असा शेरा दिसला तर विक्रीआधी तलाठ्याकडे आणि तहसील कार्यालयात चौकशी करा. आपली बरीच घरं गावठाणात नसून वाडीत, शेतजमिनीच्या नंबरात आहेत. तशी जमीन घ्यायला घेणारी स्वतः शेतकरी असावी लागते, नाहीतर परवानगी लागते. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद. तो मालकीचा पुरावा नाही.

सातबारावर कधी एकाच भावाचं नाव असतं आणि पुढे 'ए.कु.मॅ.' असं लिहिलेलं असतं. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं असलं तरी हक्क सगळ्यांचा. आणि बहिणी? त्यांची नावं बऱ्याचदा 'इतर हक्क' या रकान्यात सापडतात, नाहीतर सापडतच नाहीत.

याचा इतिहास थोडक्यात असा. 1937 च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, पण फक्त ती हयात असेपर्यंत. 1956 च्या कायद्याने बाईला तिच्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली, आणि वडिलांच्या हिश्शात मुलगीही वारस झाली. पण त्यात घराबाबत एक अडसर होता. राहत्या घराची वाटणी भाऊ मागत नाहीत तोवर मुलीला मागता येत नसे. 1994 साली महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मतः हक्क दिला, मात्र आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या. 2005 साली केंद्राच्या कायद्याने लग्न झालेल्यांनाही तो हक्क मिळाला आणि राहत्या घराचा अडसरही गेला. 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र कायम राहतात. आपल्या मुसलमान भगिनींकडे शरीयतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आणि मुलं असतील तर बायकोला आठवा हिस्सा पहिल्यापासून आहे. तरी कागदावर भावांचीच नावं, हे दोन्ही मोहल्ल्यांत सारखंच.

म्हणून विकणारा म्हणाला, "बहिणी काय, सासरी सुखात आहेत, त्यांचं काही म्हणणं नाही," तर तिथेच थांबा. त्या बहिणींना भेटा, निदान फोनवर स्वतः बोला. हक्कसोडपत्र झालं असेल तर ते नोंदणीकृत आहे का बघा. नसेल तर खरेदीखतावर त्यांचीही सही हवी आणि त्यांच्या हिश्शाचे पैसे त्यांच्या खात्यात जायला हवेत. सही राहिली म्हणून घर स्वस्तात मिळत असेल तर मोह आवरा. उद्या दावा उभा राहील, हे एक. आणि दुसरं त्याहून मोठं: जो हक्क मिळायला बायकांना इतकी वर्षं लागली, तो एका बाईनेच दुसरीच्या हातून काढून घेऊ नये.

आकडा सांगताना

पूर्वी घराचा सौदा ओटीवर व्हायचा. पुरुष बोलायचे, बायका माजघरातून ऐकायच्या. आता घेणारी तुम्ही आहात, तेव्हा ओटीवर तुम्ही बसा. आजूबाजूला अलीकडे कितीला व्यवहार झाले ते विचारा. त्यातून सुतार-गवंड्याचा दुरुस्तीचा अंदाज वजा करा. जो आकडा येईल त्याच्याही खालून बोली सुरू करा आणि कुठे थांबायचं ते घरीच ठरवून जा. आपल्या आटोक्यापलीकडे गेलं तर नमस्कार करून उठा. कुलूप लावलेली घरं आणखीही आहेत.

इसार नुसता हातात देऊ नका. काय काय मिळणार ते लिहून घ्या: जुने खांब, दारं, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याची वाट, परसातले माड, फणस. जुन्या सागवानी खांबांना गिऱ्हाईक असतं, सौद्यानंतर खांबच गेले असं व्हायला नको. कागदांत दोष निघाला तर इसार परत, हेही लिहा. 1882 च्या कायद्याप्रमाणे शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या घर-जमिनीची विक्री नोंदणीकृत खताशिवाय होत नाही. साठेखत म्हणजे मालकी नव्हे. खरेदीखताआधी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या.

नाव कुणाचं लावायचं? 2003 साली राज्य शासनाने ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावायला सांगितलं. 1 एप्रिल 2021 पासून राहतं घर फक्त बाईच्या नावे खरेदी केलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही त्यातली अटही 2023 साली काढली. सवलत घ्या, पण नाव लावल्यावर खताची मूळ प्रत आणि त्यानंतरचा फेरफार आपल्याच पेटीत ठेवा.

पुढच्या बैठकीला एक काम करून या. आपण आज ज्या घरात राहतो, त्याचा सातबारा आणि आठ नंबरचा उतारा काढा. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते मोठ्याने वाचू. नणंदांची आहेत का, सासूबाईंचं आहे का, आपलं आहे का, बघू. दुसऱ्याचं घर बघायला जाण्याआधी कागद वाचायचा सराव तिथेच होईल.