बालमजुरीचा अंत आणि मालकांचीं दफ्तरें

नाशिक येथें द्वारका या नांवाचा चौक प्रसिद्ध आहे. मुंबई-आग्रा रस्त्यास पुण्याचा रस्ता येथेंच मिळतो. पहिल्या रस्त्यानें पश्चिमेकडे गेल्यास गिरण्यांची मुंबई लागते. दुसऱ्यानें गेल्यास विड्यांच्या धंद्याचें जुनें ठाणें जें सिन्नर, तें लागतें. या दोन प्रकारच्या धंद्यांत बालमजुरीचा इतिहास निरनिराळ्या रीतीनें घडला. त्या भेदाचें कारण मालकाच्या दफ्तरांत सांपडतें असें आमचें मत असून, तें येथें थोडक्यांत मांडतों.

मुलांस कामास लावणाराच दोषी, हा विचार आपल्याकडे अगदींच नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तिसऱ्या अधिकरणांत, आठ वर्षांहून लहान व आप्तहीन अशा दासास त्याच्या इच्छेविरुद्ध हलक्या कामास लावणाऱ्यास दंड सांगितला आहे. आणि व्यवहार करणारे व साक्षीदार यांसही त्यांतून सोडलेलें नाहीं. हा नियम दासांपुरताच आहे. त्यावरून प्राचीन काळीं सर्व मुलें सुरक्षित होतीं असें अनुमान काढणें युक्त होणार नाहीं. परंतु जबाबदारी कोणाची, हें तेथें स्पष्ट आहे.

आतां मुंबईकडे वळूं. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं गिरणीची कंपनी काढली, व पुढील वीस वर्षांत गिरण्या झपाट्यानें वाढल्या. मुलांच्या स्थितीविषयीं ओरड झाल्यावर १८७५ सालीं सरकारनें चौकशीमंडळ नेमलें. त्यांत गिरणीमालकांचें वजन मोठें होतें, व कायद्याची जरूर नाहीं असा बहुमताचा अभिप्राय पडला. याच सालीं मुंबईच्या गिरणीमालकांचा संघ स्थापन झाला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १८७८ सालीं सोराबजी शापुरजी बंगाली यांनीं कायद्याचा मसुदा तयार केला, तोही मालकांस रुचला नाहीं. कायद्याच्या मागणीमागें लँकेशायरच्या व्यापाऱ्यांचा मत्सर आहे असा आक्षेप होता. तो निराधार नव्हता, परंतु त्यामुळें सात वर्षांच्या मुलाचे श्रम कांहीं कमी होत नव्हते.

अखेर १८८१ चा कायदा झाला. शंभर किंवा अधिक मजूर असलेल्या कारखान्यांत सात वर्षांखालील मुलांस मनाई झाली, व सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा पडली. कौटिल्याची आठ वर्षांची मर्यादाही यांत गांठली गेली नाहीं! १८९१ सालीं किमान वय नऊ, व चौदा वर्षांपर्यंत सात तास असें ठरलें. १९२२ सालीं वय बारा व तास सहा झाले. १९४८ सालीं वय चौदा झालें.

मालकांनीं एकत्र येऊन कायद्यावांचून सुधारणा केलीच नाहीं, असेंही नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुट्टी मान्य केली. मुलांच्या बाबतींत मात्र असा ठराव आपण होऊन झाला नाहीं. तेथें काम केलें तें कायद्यानें लादलेल्या दफ्तरानें. वयाचे दाखले, निराळा हजेरीपट, अर्ध्या वेळाच्या पाळ्या व निरीक्षकाची भेट, हें सर्व सांभाळण्यापेक्षां मूल न ठेवणेंच मालकास सोयीचें वाटूं लागलें. दयेनें जें झालें नाहीं तें हिशेबानें झालें.

या दाखल्यांतील वय कितपत खरें मानावें? तें दातांवरून व उंचीवरून ठरे, आणि गरजू आईबाप तें वाढवून सांगत. आम्हीं शाळेच्या जनरल रजिस्टरांत वर्षानुवर्षें नोंदी केल्या आहेत. जन्मतिथि माहीत नसली म्हणजे १ जून लिहिण्याची वहिवाट होती, व ती आम्हीही पाळली. म्हणून अशा कागदांतील वय हें शिलालेखांतील बिरुदाप्रमाणें पारखूनच घ्यावें, असें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

सिन्नरच्या रस्त्यावरील हकीकत निराळी. विडी वळण्यास यंत्र नको, फाटक नको. पान व तंबाखू ठेकेदार घरीं देतो. १९३८ च्या मुलांच्या नोकरीविषयक कायद्यास १९३९ सालीं जोडलेल्या यादींत विड्यांचा धंदा आला. परंतु पगारी मजूर न ठेवतां केवळ घरच्या माणसांच्या मदतीनें चालणारी कार्यशाळा त्यांतून वगळली होती. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानें धंद्याच्या जागेंत मुलांस मनाई केली, पण जागेच्या व्याख्येंतून राहतें घर वगळलें. १९८६ च्या कायद्यांतही कुटुंबाची सवलत राहिली. २०१६ च्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलांस सर्व धंद्यांत मनाई झाली. मात्र शाळेच्या वेळेबाहेर, धोक्याच्या नसलेल्या घरच्या धंद्यांत मदत करण्याची मुभा ठेवली आहे. ठेकेदाराच्या वहींत विड्यांचे हजार लिहिलेले असतात. त्या वळणारीं बोटें कोणाचीं, हें लिहिलेलें नसतें. जेथें मालकाच्या दफ्तरांत मुलाचें नांव येत नाहीं, तेथें कायद्यास मूल दिसत नाहीं.

फाटकाबाहेर पडलेलें मूल शाळेंतच जाईल, याचीही हमी नव्हती. ना. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं मांडलेलें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल १९१२ सालीं नामंजूर झालें, हें या संबंधांत विसरतां कामा नये.

शेवटीं आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति. सनदा व बखरी यांसाठीं आपण गांवोगांव हिंडतों. परंतु १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडलेल्या गिरण्यांचे हजेरीपट, वयाचे दाखले, विडी ठेकेदारांच्या वह्या व जुन्या शाळांचीं रजिस्टरें रद्दीवाल्याकडे जाण्यास कितीसा वेळ? असा गठ्ठा कोठें आढळल्यास तो मोडी नाहीं म्हणून टाकूं नये. ज्या मुलांविषयीं कोणी बखर लिहिली नाहीं, त्यांचें नांव कोठें उरलें असल्यास तेथेंच उरलें असेल.