श्रोता आणि सेवक : सतराव्या शतकातील गोव्यात ख्रिस्ती भाविकांची घडण आणि भाषेचा प्रश्न

धर्मांतराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा बाप्तिस्म्याच्या क्षणावर खिळते. कोणी, केव्हा, कोणत्या दडपणाखाली वा कोणत्या ओढीने नवा धर्म स्वीकारला, एवढ्याचा निर्णय लागला की प्रकरण संपले असे मानण्याची आपली रीत आहे. वास्तविक कोणत्याही धर्मसंघाच्या दृष्टीने खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. नव्याने आत आलेल्या माणसाला श्रद्धेचा अर्थ कसा कळावा, आणि पुढे त्याने स्वतः सेवेचा व प्रचाराचा भार कसा उचलावा, हा तो प्रश्न होय. गोव्याच्या बाबतीत त्याचे उत्तर भाषेच्या प्रश्नाशी निगडित होते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१

गोव्यात भाविकांना तयार करण्याची पहिली व्यवस्थित योजना १५४१ सालची. त्या वर्षी ‘सांता फे’ या नावाचा एक धर्मबंधुसंघ आणि त्याला जोडून एक विद्यालय स्थापन झाले. आशिया-आफ्रिकेतील विविध जातिजमातींच्या मुलांना शिकवावे आणि त्यांनी आपापल्या प्रदेशात परतून धर्मकार्य करावे, असा त्यामागील हेतू होता. हे विद्यालय पुढे जेझुइटांच्या हाती गेले व सेंट पॉल महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये येथेच सुरू झाला. म्हणजे स्थानिक माणूसच स्थानिक लोकांचा धर्मसेवक व्हावा, ही कल्पना आरंभापासूनच कागदावर होती.

व्यवहार मात्र निराळ्या दिशेने गेला. १५६० साली साष्टी प्रांत जेझुइटांकडे सोपविण्यात आला. त्याच वर्षी गोव्यात धर्मन्यायालयही बसले. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडण्यात आली आणि जुने धर्मग्रंथ बाळगणे गुन्हा ठरले. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांना ठार मारले, व पोर्तुगीज सत्तेने त्याचा सूड गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून, त्यांचा वध करून घेतला. या रक्तरंजित पार्श्वभूमीचा विसर पडू देऊन पुढील वाङ्मयाचे केवळ गुणगान करणे हे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२

कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या पाद्र्यांचे देह ताब्यात घेण्याचे काम ज्याच्याकडे आले तो फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला होता. १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीतच गेले. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराची व दुसऱ्यात नव्या कराराची कथा आली आहे. अध्यायांना कवीने ‘अवस्वर’ म्हटले आहे. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही; हस्तलिखितांवरून सालदान्हा यांनी १९०७ साली मंगळूर येथे व बंडेलू यांनी १९५६ साली पुणे येथे तो पुन्हा प्रकाशात आणला.

मराठी वाङ्मयेतिहासात या ग्रंथाची चर्चा बहुतांशी काव्यगुणांच्या अंगाने होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्याचा आरंभीचा प्रसंग. साष्टीत दोत्रीन, म्हणजे धर्मतत्त्वांची शिकवण, चालू आहे. मुले प्रार्थना पाठ म्हणत आहेत. तेव्हा श्रोत्यांतील एक ब्राह्मण पाद्री-गुरूला विचारतो, त्याचा आशय असा : आमची जुनी पुराणे तर तुम्ही वर्ज्य केली, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे असे पुराण तुम्ही का करीत नाही? गुरू ही मागणी मान्य करतो आणि कथेला प्रारंभ होतो.

या प्रसंगात दोन शिक्षणपद्धती समोरासमोर आल्या आहेत. दोत्रीनीत प्रश्न व उत्तर दोन्ही आधीच ठरलेले असतात. शिकणाऱ्याने ते मुखोद्गत करावयाचे. बालकाला एवढे पुरत असेल. परंतु ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या कथाश्रवण चालत आले, त्या प्रौढ माणसाची जिज्ञासा अशा पाठांतराने शमत नाही. त्याला कथा हवी, दृष्टांत हवा, शंका विचारण्याची मुभा हवी. पुराण या रचनाप्रकारात श्रोत्याचा प्रश्न हा कथेचा पायाच असतो. तो रचनाप्रकार स्वीकारताना स्टीफन्सने श्रोत्याला प्रश्न विचारण्याचा अधिकारही दिला, निदान ग्रंथाच्या चौकटीत दिला. ज्या सत्तेने पुराणे नष्ट केली तिच्याच छत्राखाली, एका धर्मगुरूला नष्ट झालेल्याची उणीव मान्य करावी लागली, हे त्यातील मर्म होय.

३

भाषेच्या निवडीतही हीच दृष्टी दिसते. मराठीत ग्रंथ का रचला याचे कारण स्टीफन्सने गद्य प्रस्तावनेत दिले आहे. ईश्वरी विषय मांडण्यास या देशातील भाषांत मराठी त्याला योग्य वाटली. परंतु शुद्ध मराठी सामान्यांना कळणार नाही, म्हणून तीत त्याने स्थानिक ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले. याउलट ज्या पुस्तकातून रोजचे धर्मशिक्षण द्यावयाचे ते ‘दौत्रिना क्रिस्तां’ त्याने कोकणीत सिद्ध केले. ते १६२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, रायतूरलाच छापले गेले. त्याचे कोकणी व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे श्रवण-मननासाठी ग्रंथभाषा, नित्य शिक्षणासाठी बोली आणि शिकवणाऱ्या परदेशी पाद्र्यासाठी व्याकरण, अशी ही तिहेरी सिद्धता होती. १६०६ च्या प्रांतिक धर्मपरिषदेने पॅरिशच्या पाद्र्यांना स्थानिक भाषा येणे आवश्यक ठरविले होते, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. तयारी केवळ नवख्रिस्ती व्यक्तीची नव्हे, तिच्या गुरूचीही व्हावयाची होती.

शब्दयोजनेकडे पाहिले तर एक विवेक आढळतो. श्रद्धेला ‘भावार्थ’, स्वर्गाला ‘वैकुंठ’, ईश्वरी अनुग्रहाला ‘कृपा’ हे देशी शब्द त्याने निःसंकोच घेतले. परंतु पवित्र आत्म्याला ‘स्पिरितु सांतु’ व संस्काराला ‘बाप्तिज्म’ हेच शब्द ठेवले. जेथे जुन्या अर्थाचा आधार घेऊन नवा अर्थ उभा राहू शकतो तेथे देशी शब्द, आणि जेथे जुना अर्थ घोटाळा करील तेथे परका शब्द, असे हे धोरण असावे. ‘भावार्थ’ गोमंतकीय ख्रिस्ती समाजाच्या कोकणीत आजही श्रद्धेच्या अर्थाने रूढ आहे. शब्द टिकला याचा अर्थ शिकवण पोहोचली, असे भाषाभ्यासकाने म्हणण्यास हरकत नाही.

४

तथापि समजणारा श्रोता तयार करणे निराळे आणि त्याच्या हाती सेवेचा अधिकार देणे निराळे. या दुसऱ्या बाबतीत गोव्यातील धर्मसत्ता कचरली. युरोपीय संघांची दारे एतद्देशीयांना जवळजवळ बंदच होती. दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रू यांना गोव्यात गुरुदीक्षा मिळेना, म्हणून ते रोमला गेले. तेथे ते गुरू झाले व १६३७ मध्ये बिशपही झाले. १६८४ च्या जूनमध्ये व्हाइसरॉय कौंट द आल्व्होर याने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. कुन्य रिव्हार यांनी कोकणीविषयीच्या आपल्या १८५८ च्या ऐतिहासिक निबंधात या धोरणावर कठोर टीका केली आहे. स्टीफन्सने जी वाट बांधली तीच आता बुजविली जाऊ लागली.

आणि नेमक्या याच वर्षांत त्या वाटेवरून एक माणूस पुढे निघाला. जुझे व्हाज यांचा जन्म १६५१ साली बाणावलीचा. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १६८५ साली ते गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंच्या ओरेटरी संघात दाखल झाले आणि १६८७ मध्ये, म्हणजे त्या हुकुमाची तीन वर्षांची मुदत संपली त्याच वर्षी, सिंहलद्वीपात उतरले. तेथील किनाऱ्यावर डचांची सत्ता असून कॅथलिक पाद्र्यांना बंदी होती. मजुराच्या वेषात त्यांनी जाफन्यात प्रवेश केला, तमिळ शिकून घेतली. १६९२ मध्ये ते कँडीला पोहोचले तेव्हा हेर समजून त्यांना बंदीत टाकण्यात आले. १६९७ च्या सुमारास देवीची साथ आली असता त्यांनी रुग्णांची जी शुश्रूषा केली तिच्यामुळे बौद्ध राजा विमलधर्मसूर्य दुसरा याचा विश्वास त्यांनी संपादन केला. १७११ मध्ये कँडीतच त्यांचा अंत झाला. २०१५ साली त्यांना संतपद देण्यात आले. त्यांचे सहकारी, दिवाडीचे जाकोम गोन्साल्विश, १७०५ मध्ये तेथे गेले. त्यांनी सिंहली भाषेत विपुल ग्रंथरचना केली. त्यांतील एकाचे नाव ‘देव वेद पुराणय’ आहे.

या नावावरून ‘ख्रिस्तपुराणा’च्या थेट प्रभावाचे अनुमान काढणे घाईचे होईल, ‘पुराण’ हा शब्द सिंहलीतही प्रतिष्ठित होता. परंतु दोन्हींमागील पद्धती एकच आहे, ही गोष्ट नाकारता येत नाही. श्रोत्याची भाषा आधी शिकावी, त्याच्या परिचयाचा रचनाप्रकार घ्यावा, आणि मग आपले म्हणणे मांडावे, ही ती पद्धती. साष्टीतील श्रोत्याने विचारलेल्या प्रश्नाचे मोल त्याच समाजातील सेवकांनी परमुलखात ओळखले.

५

या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. भाविकाला सेवेसाठी तयार करण्याचे कार्य आज्ञेने आरंभता येते, परंतु आज्ञेने पूर्ण होत नाही. १५६७ ची बंदी व १६८४ चा हुकूम यांनी माणसे वाकली असतील. त्यांतून सेवक निर्माण झाल्याचे दिसत नाही. सेवक घडले ते जेथे शिकणाऱ्याच्या भाषेला व प्रश्नाला स्थान मिळाले तेथे. जुझे व्हाज यांच्यापाशी सत्तेचे पाठबळ नव्हते आणि सैन्य नव्हते. होती ती केवळ परक्याची भाषा शिकण्याची तयारी. धर्मप्रसाराचा इतिहास अभ्यासताना राजाज्ञांच्या दप्तरांबरोबरच व्याकरणे, कोश व पुराणे यांचीही साक्ष काढली पाहिजे, ती एवढ्यासाठीच.