टिपणवहीचे स्थलांतर

ग्रंथव्यवहाराचा इतिहास सांगताना आपण भूर्जपत्र, हातकागद आणि खिळ्यांची छपाई यांचा विचार करतो. अभ्यासकाची टिपणे मात्र कित्येक वर्षे संगणकात राहत आली आहेत. ती तेथे कोणत्या रूपात राहतात याची चौकशी साहित्याचे अभ्यासक क्वचितच करतात. हा तंत्रज्ञांचा प्रश्न आहे असे मानले जाते. एखादा प्रोग्राम विंडोजवरून मॅकवर वा लिनक्सवर नेण्याची वेळ आली, की तो सर्वांचाच होतो, असे आम्हांस वाटते. पडद्यावरील रचना नव्याने बांधता येते. साठवलेल्या मजकुराचे स्थलांतर मात्र निवडलेल्या डेटाबेसवर अवलंबून असते.

१९९०च्या दशकात विंडोजवरील अनेक लहान प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या ‘जेट’ या यंत्रणेवर उभे होते; ‘अ‍ॅक्सेस’च्या मुळाशीही तीच होती. ती विंडोजशी बांधलेली असल्याने दुसऱ्या प्रणालीकडे निघालेल्या प्रोग्रामला वेगळा आधार शोधावा लागे. मायएसक्यूएलसारखा सर्व्हर सर्वत्र चाले, परंतु एकट्या वाचकाच्या टिपणांसाठी तो बसवणे आणि सांभाळणे म्हणजे मोठाच व्याप. स्वतःची फाइलरचना घडवावी, तर ती इतरांना वाचणे दुष्कर. मोझिलाची ‘मॉर्क’ ही रचना याच कारणाने बदनाम झाली. २००५मध्ये ओपनऑफिस २.० आले, तेव्हा त्याच्या ‘बेस’ या भागासाठी जावा भाषेतील एचएसक्यूएलडीबी निवडला गेला. तो अनेक प्रणालींवर चाले. मात्र त्यासाठी प्रत्येक संगणकावर जावा असणे आवश्यक होते.

या कोंडीतून वाट निघाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करीत होते. तेथील डेटाबेस-सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रामही निरुपयोगी होई, आणि दोष मात्र पडद्यावर दिसणाऱ्या प्रोग्रामच्या माथी येई. सर्व्हरच नको, या विचारातून २००० साली एसक्यूलाइट जन्मास आले. संपूर्ण डेटाबेस एका साध्या फाइलीत मावतो आणि ती फाइल विंडोज, मॅक, लिनक्स यांपैकी कोठेही जशीच्या तशी उघडते. २००१मध्ये हिप यांनी त्यावरील स्वामित्वहक्कही सोडून दिला. २००४च्या तिसऱ्या आवृत्तीत युनिकोडची व्यवस्था अधिक पक्की झाली.

साहित्याच्या अभ्यासकांशी या घटनेचा थेट संबंध येतो तो ‘झोटेरो’मुळे. जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहास व नवमाध्यम केंद्राने २००६मध्ये हे संदर्भसाधन फायरफॉक्सची जोड म्हणून प्रसिद्ध केले. टिपणे एसक्यूलाइटच्या फाइलीत ठेवली गेली. तिन्ही प्रणालींवर फायरफॉक्स होता आणि फायरफॉक्सच्या पोटात एसक्यूलाइट. त्यामुळे वाचकाला वेगळे काही बसवावे लागले नाही. २०१७मध्ये फायरफॉक्सने जुन्या पद्धतीच्या जोडण्यांचा आधार काढून घेतला आणि झोटेरो ५.० पूर्णतः स्वतंत्र प्रोग्राम झाला. बिऱ्हाड बदलले, टिपणवही मात्र सोबत आली.

तरीही योग्य डेटाबेस निवडला म्हणजे सारे साधले, असे नव्हे. ‘मेंडेली’ हे दुसरे संदर्भसाधनही तिन्ही प्रणालींवर चाले आणि तेही एसक्यूलाइटच वापरी. २०१३मध्ये ते एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने विकत घेतले. २०१८मध्ये त्याच्या नव्या आवृत्तीने वाचकाच्या संगणकावरील ती फाइल कूटबद्ध केली. वापरकर्त्यांच्या माहितीची सुरक्षा हे कारण पुढे करण्यात आले. परिणाम असा झाला, की ती फाइल वाचून टिपणे झोटेरोत नेण्याचा मार्ग बंद पडला. फाइल वाचकाच्याच संगणकात होती, किल्ली मात्र त्याच्या हाती नव्हती. डेटाबेसची निवड ही अखेर मालकीची निवड ठरते, ती अशी.

मराठी अभ्यासकांपुढे यापुढचाही एक प्रश्न आहे. एसक्यूलाइट देवनागरी अक्षरे निर्वेध साठवते, परंतु अन्य सूचना नसल्यास त्यांचा क्रम युनिकोडमधील संकेतांकांनुसार लावते. तेथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर आणि ‘व’च्या आधी येतो. साहजिकच ‘बाळ’ हा शब्द ‘बावडी’ आणि ‘बाहुली’ यांच्या आधी लागतो. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ तर ‘ह’नंतरचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्वतःचा वर्णक्रम पुरवण्याची सोय एसक्यूलाइटने ठेवली आहे. पण कोणता क्रम पुरवायचा, हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे. शिवाय जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेली टिपणे कोणत्याही डेटाबेसात टाकली, तरी तो टंक नसलेल्या संगणकावर ती अर्थहीन चिन्हेच दिसतात. आधी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर व्हावयास हवे.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१८मध्ये दीर्घकालीन जतनासाठीच्या शिफारसप्राप्त स्वरूपांत एसक्यूलाइटचा समावेश केला. जतनाचे शास्त्र जाणणारे ग्रंथपाल या निर्णयाचा विचार करतात, हे लक्षणीय आहे. आपल्या मराठी विभागांत सूची, कोश आणि हस्तलिखितांच्या नोंदी संगणकावर घडत असताना दोन प्रश्न आरंभीच विचारले जावेत: ही फाइल दुसऱ्या प्रणालीवर उघडेल काय, आणि ती उघडण्यासाठी कोणाची परवानगी लागेल? नोंदी हजारोंच्या घरात गेल्यावर हे प्रश्न सुचले, तर त्यांची उत्तरे फार महाग पडतात.