आभाराचे कागद

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना महामार्गावर ठाणा पेट्रोलपंप लागते. गावाच्या नावातच पेट्रोलपंप, आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. तिथून जवळच जवाहरनगर. आयुध निर्माणी, कामगारांची वसाहत, शाळा, बाजार आणि कुंपण. ही निर्माणी १९६४ सालची. तोफा-बंदुकांना लागणारी दारू आणि स्फोटके इथे तयार होतात. निर्माणीत देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली, निवृत्त झाली, त्यांतली काही इथेच राहिली. झाडीपट्टीच्या सीमेवर धानाच्या बांध्यांशेजारी ही मिश्र भाषांची वस्ती उभी राहिली, तिला कारण १९६२ चे चीनशी झालेले युद्ध. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात संरक्षण मंत्रालयात उत्पादनाचा स्वतंत्र विभाग निघाला, २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि पुढच्या काही वर्षांत दारूगोळ्याचे कारखाने वाढत गेले. गावाला ज्यांचे नाव आहे ते जवाहरलाल नेहरू १९६४ च्याच मे महिन्यात वारले.

आता जुन्या भंडारा जिल्ह्याचा नकाशा घ्या, १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा होण्यापूर्वीचा. जवाहरनगर पश्चिम टोकाला. तिथून लाखनी, साकोली, नवेगावबांध करत आग्नेयेकडे गेले की अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव येते. इटियाडोह धरणाचे गाव. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे प्रतापगड लोकांना माहीत असतो, पण त्याच परिसरात नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, हे विदर्भाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. ती १९७२ ची. नागपुरात हिवाळ्यात स्वेटरांचा जो तिबेटी बाजार भरतो, त्यातले गिऱ्हाईक विक्रेत्याला गाव विचारत नाही. विचारले तर उत्तर विदर्भातलेच येण्याचा संभव असतो.

एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना, एकाच शेजाऱ्याशी बिघडलेल्या संबंधांतून निघालेल्या या दोन वस्त्या. एकीत देशाच्या रक्षणाचे सामान बनते. दुसरीतली माणसे ज्या समाजातली, त्या समाजाने या देशासाठी रक्त सांडले, आणि कागदोपत्री तो समाज परकाच राहिला. तिबेटी निर्वासितांनी भारताचे आभार मानले, हे आपण भाषणांतून ऐकतो. त्या आभारांचे आणि त्यांच्या उलट बाजूच्या ऋणाचे कागद काय सांगतात, ते इथे पाहायचे आहे.

पहिला कागद भंडाऱ्याशी विचित्र रीतीने जोडलेला आहे. १९५४ च्या मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून हरले. निवडणुकीच्या थोडे आधी, २९ एप्रिलला, भारताने चीनशी करार केला होता. व्यापार आणि यात्रेकरूंच्या सोयींचा करार, पण त्याच्या नावातच तिबेटला चीनचा प्रदेश म्हटले होते. पंचशील ती हीच, या कराराच्या प्रस्तावनेतली. २६ ऑगस्टला राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना बाबासाहेबांनी तिच्यावर कडक टीका केली. ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन पंतप्रधानांनी चिनी सैन्य आपल्या सीमेला आणून भिडवले, असा त्यांचा आशय होता. राज्यसभेच्या कार्यवाहीत हे भाषण छापील आहे. भंडाऱ्याच्या मतदारांनी ज्यांना दिल्लीला पाठवले नाही, त्यांनी दिल्लीत तिबेटची आठवण करून दिली. आणि अठरा वर्षांनी तिबेटी माणसे त्याच जिल्ह्यात रोवणी शिकायला आली. यात योगायोगापलीकडे काही नाही. पण योगायोगही नोंदवून ठेवावेत.

३१ मार्च १९५९ ला दलाई लामा तवांगच्या बाजूने भारताच्या हद्दीत आले. सीमेच्या आत त्यांना सोबत करणाऱ्या आसाम रायफल्सच्या जवानांत नरेनचंद्र दास होते. २०१७ च्या एप्रिलमध्ये गुवाहाटीत दोघांची पुन्हा गाठ पडली. दलाई लामांनी त्या माजी सैनिकाला मिठी मारली आणि त्याचा चेहरा पाहून आपणही म्हातारे झालो असणार, अशा अर्थाचे काही हसत म्हटले. चित्रफीत उपलब्ध आहे. निर्वासित आणि सैनिक यांच्यातल्या कृतज्ञतेचा इतका साधा पुरावा दुसरा नाही. बाकीचे पुरावे सरकारी आहेत, आणि सरकारी कागद मिठी मारत नाहीत.

त्यातला सर्वांत सामान्य कागद म्हणजे आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. तिबेटी वसाहतीत या दोन अक्षरांचा अर्थ लहान पोरालाही कळतो. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासित नावाचा वर्ग आपल्या कायद्यात नाही. १९४६ चा परकीयांचा कायदा आणि १९३९ चा त्यांच्या नोंदणीचा कायदा, दोन्ही इंग्रजी अमदानीतले. ते २०२५ पर्यंत चालले. त्यांच्या लेखी नोर्ग्येलिंगमधला शेतकरी आणि मुंबईत उतरलेला परदेशी पर्यटक एकाच खात्यातले. आरसीचे नूतनीकरण करायचे, प्रवासाची नोंद द्यायची, परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी पिवळ्या वेष्टनाचे ओळखपत्र घ्यायचे. म्हैसूर राज्यात बैलकुप्पे येथे १९६० मध्ये पहिली मोठी शेतकी वसाहत झाली, त्यानंतर राज्याराज्यांत वसाहती वसल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला आली ती ही धानाच्या मुलखातली. जमीन मिळाली, घरे मिळाली, पण मालकी मिळाली नाही. थंड पठारावरून आलेल्या माणसांनी मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या झाडीपट्टीत संसार मांडला, हे कोणत्याही कागदाच्या रकान्यात बसत नाही.

याच माणसांचे भाऊबंद, देशभरच्या वसाहतींतले तरुण, एका दलात भरती होत होते. या दलाचा जन्म १४ नोव्हेंबर १९६२ चा. युद्ध चालू होते, चीनची एकतर्फी युद्धबंदी एका आठवड्यावर आली होती. दिवस नेहरूंच्या वाढदिवसाचा. नाव स्पेशल फ्रंटियर फोर्स, ठाणे डेहराडूनजवळ चक्राता, पहिले प्रमुख सुजानसिंग उबान. उबान यांनी पूर्वी बावीस क्रमांकाच्या तोफखाना रेजिमेंटचे नेतृत्व केले होते, त्यावरून या दलाला 'एस्टॅब्लिशमेंट २२' म्हणू लागले. आजही जुने तिबेटी जवान नुसते 'टू-टू' म्हणतात. हे दल लष्कराचे नव्हे, गुप्तचर यंत्रणेच्या हाताखालचे. त्यामुळे लष्कराच्या छापील इतिहासांत त्याला जागा मिळाली नाही.

मूळ हेतू चीनच्या पिछाडीवर लढण्याचा. पहिली मोठी लढाई मात्र निघाली पूर्व पाकिस्तानात. नोव्हेंबर १९७१ मध्ये, ३ डिसेंबरला उघड युद्ध सुरू होण्याच्या आधी, सुमारे तीन हजार तिबेटी जवान मिझो डोंगरांतल्या डेमागिरीहून चित्तगाँगच्या डोंगराळ भागात शिरले. हातात बल्गेरियन बनावटीच्या रायफली होत्या, म्हणजे भारताचे नाव कुठे येऊ नये. शत्रू त्यांचा नव्हता. पाकिस्तानने तिबेट घेतले नव्हते. आश्रय देणाऱ्या देशाचा शत्रू तो आपला शत्रू, एवढ्याच नात्यावर ते गेले. सर्वत्र दिला जाणारा आकडा ५६ मृत आणि सुमारे १९० जखमींचा. मृतांत त्यांचे एक वरिष्ठ तिबेटी अधिकारी होते, दापोन हुद्द्याचे धोंडुप ग्यातोत्सांग. ५८० जणांना रोख बक्षिसे मिळाली. शौर्यपदके मिळाली नाहीत, कारण जी लढाई झालीच नाही असे सांगायचे तिचे पदक कसे द्यायचे? उबान यांनी १९८५ मध्ये 'फँटम्स ऑफ चित्तगाँग' हे पुस्तक लिहिले. या मोहिमेवर आपल्याला छापील जे मिळते त्याचा मोठा भाग एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणींवर उभा आहे. आठवणी प्रामाणिक असल्या तरी त्या सेनापतीच्या असतात, आणि सेनापतीला आपली मोहीम नेहमी थोडी मोठी दिसते. म्हणून आकडे वापरताना जपून.

युद्ध १९७१ चे आणि नोर्ग्येलिंग १९७२ ची. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की गोष्ट आपोआप जुळते: लढले म्हणून जमीन मिळाली. मोह होतो, पण तो आवरायला हवा. वसाहतींचा कार्यक्रम त्याआधी बारा वर्षे चालू होता, आणि तारखा शेजारी आल्या म्हणून कार्यकारण सिद्ध होत नाही. शिवाय तसे मानले तर जमीन ही मजुरी ठरते, आणि तिबेट्यांच्या कृतज्ञतेला आणि आपल्या आश्रयालाही ते कमीपणा आणणारे आहे.

आभार मानण्याची वेळ मात्र त्यांनी उघडपणे निवडली. निर्वासनाला साठावे वर्ष लागले तेव्हा तिबेटी मध्यवर्ती प्रशासनाने २०१८ हे वर्ष 'थँक यू इंडिया' म्हणून साजरे करायचे ठरवले. उद्घाटन दिल्लीत व्हायचे होते. फेब्रुवारीत कॅबिनेट सचिवांची एक सूचना निघाली, ज्येष्ठ नेत्यांनी आणि अधिकाऱ्यांनी या कार्यक्रमांना जाऊ नये अशी. चीनशी संबंध नाजूक वळणावर होते, डोकलामच्या पेचाला वर्षही झाले नव्हते. मार्चच्या आरंभी ही सूचना 'इंडियन एक्स्प्रेस'ने उघडकीला आणली. कार्यक्रम धर्मशाळेला हलला आणि ३१ मार्चला झाला. केंद्रीय मंत्री महेश शर्मा आणि भाजपचे राम माधव तिथे गेले, हेही नोंदवायला हवे. तरी त्या सूचनेइतका बोलका कागद या साऱ्या प्रकरणात मला दुसरा दिसत नाही. पाहुणा आभार मानायला उभा राहिला आणि यजमानाने घरच्यांना सांगितले, जरा आत थांबा. परराष्ट्र धोरणाच्या हिशेबाने ते चूक होते असे मी म्हणणार नाही. माणुसकीच्या हिशेबाने ते ओशाळवाणे होते.

दोन वर्षांनी स्पेशल फ्रंटियर फोर्सने पुन्हा बलिदान दिले. २०२० च्या ऑगस्टअखेर पँगाँग सरोवराच्या दक्षिणेला टेकड्या ताब्यात घेण्याच्या कारवाईत जुन्या सुरुंगाचा स्फोट होऊन कंपनी लीडर न्यिमा तेनझिन मारले गेले. वय ५१. ७ सप्टेंबरला लेहजवळ चोगलामसर इथे त्यांचा अंत्यविधी झाला. शवपेटीवर दोन ध्वज होते, तिरंगा आणि तिबेटचा. राम माधव उपस्थित होते. त्यांनी त्याबद्दल ट्वीट केले आणि नंतर ते काढून टाकले. इतिहासलेखकाला पुसलेला कागदही कागदच असतो. कधी कधी तो न पुसलेल्यापेक्षा जास्त सांगतो.

इकडे कायद्याच्या बाजूला एक दार उघडले होते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, आईबाप कुणीही असोत. तिबेट्यांना हा नियम लावलाच जात नव्हता. १९८६ मध्ये कांगड्यात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना पासपोर्ट नाकारला गेला तेव्हा त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २२ डिसेंबर २०१० ला न्या. एस. मुरलीधर यांनी त्या भारतीय नागरिक असल्याचा निकाल दिला. अर्जात स्वतःला तिबेटी म्हटल्याने जन्मसिद्ध नागरिकत्व जात नाही, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. २०१४ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने अशांची नावे मतदारयादीत घेण्याचे कळवले. नोर्ग्येलिंगच्या पहिल्या पिढीची जी मुले १९७२ नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी तिथे जन्मली, ती या निकालाच्या भाषेत पहिल्यापासून भारतीय होती. आरसी तोवर त्यांना परकीय म्हणत होती. सगळ्यांनी नागरिकत्व घेतले असे मात्र झाले नाही. तिबेटला परत जायची आशा ज्यांना सोडायची नव्हती त्यांनी आरसी जपली, आणि भारतावरचे प्रेम त्याआड आले नाही. आपले शरीर भारताच्या डाळ-भात-चपातीवर पोसले गेले, म्हणून आपण भारताचे पुत्र, असे दलाई लामा कितीदा सांगतात. तेही नागरिक नाहीत.

१९८७ नंतर जन्मलेल्यांसाठी हे दार जवळजवळ बंद आहे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, अफगाणिस्तान, बांगलादेश आले, तिबेट आला नाही. त्यांच्यासाठी आहे ते २०१४ चे तिबेटी पुनर्वसन धोरण. केंद्राच्या गृहमंत्रालयाने त्यात राज्यांना सांगितले की वसाहतींच्या जमिनीचा पट्टा २० वर्षांसाठी करून द्यावा आणि रेशनपासून रोजगार हमीपर्यंतच्या योजना त्यांना लागू कराव्यात.

जवाहरनगरला परत येतो. २४ जानेवारी २०२५ ला, प्रजासत्ताक दिनाच्या दोन दिवस आधी, तिथल्या निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. त्यांची नावे गावांसकट वर्तमानपत्रांत छापून आली. मंत्र्यांनी शोक व्यक्त केला, नातलगांना मदत जाहीर झाली. तसेच व्हायला हवे होते. देशासाठी काम करताना मेलेल्या माणसाचे नाव छापले जाणे ही कृतज्ञतेची पहिली पायरी आहे. १९७१ च्या ५६ जणांना तीही मिळाली नाही. त्या मोहिमेला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. चित्तगाँग बांगलादेशात आहे, ज्यांच्यापासून ते गुपित ठेवायचे होते त्यांना ते कधीच कळून चुकले आहे. केंद्र सरकारने त्यांच्या नावांची यादी उघड करावी, आणि ती आली की भंडारा-गोंदियातल्या वर्तमानपत्रांनी ती पहिल्या पानावर घ्यावी.