कातडं, काच आणि कचऱ्याचा डबा : कयाकच्या जोडांचा इतिहास

आजची वस्तू दिसायला साधी आहे. कयाक म्हणजे वरून झाकलेली, लांबट, अरुंद होडी. माणूस पाय पुढं पसरून आत बसतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं ती हाकतो. तारकर्लीला किंवा गोव्याच्या खाड्यांमध्ये पिवळ्या-लाल प्लास्टिकच्या ज्या होड्या भाड्यानं मिळतात, त्या याच घराण्यातल्या, जरा लांबच्या नात्यातल्या.

समुद्रात जायची, साधारण पाच मीटर लांबीची कयाक विकत घ्यायला गेलं, तर दुकानदार तीन प्रकार दाखवतो. पॉलिथिनची असते पंचवीस ते तीस किलोची. फायबरग्लासची थोडी हलकी. आणि कार्बन किंवा केवलारची, वीस किलोच्या आत-बाहेर. किंमत मात्र उलटी चढते. ढोबळ हिशेबानं फायबरग्लासला प्लास्टिकच्या दुप्पट पैसे पडतात आणि कार्बनला तिप्पट. म्हणजे पैसे जास्त मोजायचे आणि वस्तू कमी घरी न्यायची! असं का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: मटेरियल भारी आहे, साहेब.

हे उत्तर आम्हाला अपुरं वाटतं. का, ते सांगायला आधी आमच्या विषयातला एक मुद्दा घेऊ. न्यायदर्शनात कापडाची कारणं तीन प्रकारची सांगितली आहेत. तंतू हे समवायिकारण. विणकर आणि त्याची साधनं हे निमित्तकारण. आणि तिसरं असमवायिकारण, म्हणजे तंतूंचा एकमेकांशी झालेला संयोग. दोरे तेच, विणकर तोच, पण दोरे एकमेकांत गुंतलेच नाहीत तर कापड नाही. वर्गात हे शिकवताना मुलं पहिली दोन कारणं चटकन लिहून घेतात आणि तिसऱ्यापाशी पेंगायला लागतात. कयाकचा सगळा इतिहास मात्र या तिसऱ्या कारणात आहे. पदार्थाकडे बघण्याआधी जोडाकडे बघायचं. तुकडे एकमेकांना कशानं धरलेत, ते कोणी जोडले, त्याला किती वेळ लागला, आणि जोड तुटला तर तो कोणाला सांधता येतो?

सुरुवात उत्तर ध्रुवाकडच्या किनाऱ्यांवरून करू. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर होडीजोगी झाडं वाढत नाहीत. तिथल्या इन्युइट लोकांना लाकूड मिळायचं ते समुद्रानं आणून टाकलेलं. सैबेरियातल्या नद्यांमधून वाहत आलेले ओंडके बर्फाबरोबर तरंगत तरंगत, काही वर्षांनी तिथं लागायचे. म्हणजे सगळ्यात दुर्मीळ गोष्ट लाकूड! त्यामुळं मोठी फळी लागेल असा सांगाडा करायचाच नाही. बारीक पट्ट्या आणि वाकवलेल्या फासळ्या घ्यायच्या, आणि त्या खिळ्यांनी नव्हे तर कातड्याच्या वाद्यांनी बांधायच्या. बांधलेला सांधा थोडा हलतो. लाट खालून गेली की सगळा सांगाडा किंचित मुरडतो आणि पुन्हा सरळ होतो. खिळ्याच्या भोकापाशी लाकूड फाटतं, ते इथं होत नाही.

वरून सीलचं कातडं. हे शिवायचं काम बायकांचं, आणि सगळ्यात अवघड काम तेच होतं असं आमचं मत आहे. सुई कातड्याच्या आरपार न्यायचीच नाही. निम्म्या जाडीतून नेऊन बाहेर काढायची, म्हणजे पाण्याला आत यायला भोकच उरत नाही. दोरा जनावराच्या स्नायूचा. तो भिजला की फुगतो आणि शिवण आणखी घट्ट होते. कातडं ओलं असतानाच सांगाड्यावर ताणून शिवतात, मग ते वाळून ढोलासारखं ताठ होतं. शिकारीची कथा सांगताना भाला आणि भाला फेकणारा यांचंच नाव निघतं. पण थंडगार पाण्यावर त्याचा जीव एका शिवणीवर तरंगत असायचा, आणि ती शिवण घरातल्या बाईच्या हातची असायची.

अशी होडी भरायची साधारण पंधरा किलोच्या आसपास. एकटा माणूस ती उचलून बर्फावरून चालत जाऊ शकेल इतकी. मापं अंगाची. हात पसरले की जेवढं अंतर होतं त्याच्या सुमारे तिप्पट लांबी, आणि रुंदी कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक मूठ बसेल एवढी. दुसऱ्याची कयाक वापरणं म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून डोंगर चढणं. दोष म्हणाल तर एक मोठा होता. कातडं पाणी पितं. काही दिवस सलग पाण्यात राहिलं की ते मऊ पडतं, होडी जड होते. म्हणून ती किनाऱ्यावर काढून वाळवायची, तिला तेल पाजायचं आणि ठराविक काळानं कातडं बदलायचं. स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनच्या विद्यापीठात एक कयाक जपून ठेवलेली आहे. ती १७०० च्या सुमारास त्या किनाऱ्याजवळ सापडली. तिथपर्यंत ती कशी पोचली यावर अभ्यासक अजून वाद घालतात, आणि त्या वादातला एक कळीचा मुद्दा हाच आहे, की कातडं इतके दिवस टिकलं कसं?

आता अलास्काच्या बाजूला, अल्युशियन बेटांवर जाऊ. तिथल्या उनांगन लोकांची कयाक रशियनांनी पाहिली आणि तिला ‘बैदार्का’ म्हणायला लागले. हिच्यावर समुद्रसिंहाचं कातडं असे. होडीचा कणा एकसंध नसे, तीन तुकड्यांचा असे, आणि काही होड्यांमध्ये लाकूड लाकडावर घासू नये म्हणून सांध्यांत हाडाचे छोटे तुकडे बसवलेले असत. आपल्या गुडघ्यासारखंच म्हणा ना. १७४१ मध्ये बेरिंगची मोहीम या बाजूला आली, आणि तिच्यातले लोक सी-ऑटरची म्हणजे समुद्री पाणमांजराची कातडी घेऊन परतले. चीनच्या बाजारात या फरला प्रचंड भाव होता. मग व्यापाऱ्यांची रीघ लागली.

इथं आपल्या प्रश्नाला एक भीषण वळण लागतं. सी-ऑटर मारायचा तर बैदार्का हवी, आणि बैदार्का ही बाजारात मिळणारी वस्तूच नव्हती. ती बांधण्याचं ज्ञान एका समाजाच्या हातांत होतं आणि चालवण्याचं ज्ञान लहानपणापासून अंगात मुरवावं लागे. विकत घेता येत नाही ते मग जबरदस्तीनं घेतलं गेलं. व्यापाऱ्यांनी उनांगनांच्या मुलाबाळांना ओलीस ठेवलं आणि पुरुषांना त्यांच्या होड्यांसकट शिकारीला धाडलं. १७९९ मध्ये रशियन-अमेरिकन कंपनीला सनद मिळाली आणि ही वेठ रीतसर झाली. शिकारी पुरुष लांबच्या पाण्यात, तर घरी अन्न कोण आणणार? आणि होड्यांचं कातडं बदलायला समुद्रसिंह कोण मारणार? रोगराई, उपासमार आणि हिंसा यांनी ही वस्ती झपाट्यानं घटली. १८१२ मध्ये कॅलिफोर्नियात फोर्ट रॉस उभारला गेला, तिथपर्यंत हे शिकारी आणि त्यांच्या होड्या नेल्या गेल्या. पूर्वी बैदार्काला बसायची एक किंवा दोन भोकं असत. रशियनांच्या काळात तीन भोकांची बैदार्का रूढ झाली. मधल्या जागेत साहेब बसायचा, वल्ही पुढचा आणि मागचा मारायचे.

युरोपात कयाक खेळ म्हणून आली ती १८६५ नंतर. जॉन मॅकग्रेगर या वकिलानं ‘रॉब रॉय’ नावाची होडी बांधून घेतली. ओकच्या फळ्या, वर सीडरचं झाकण, लांबी १५ फूट, वजन ८० पौंड, म्हणजे ३६ किलो. आकार ढोबळमानानं ध्रुवाकडचा, पण जोड इंग्लिश होडीवाल्याचे, फळीवर फळी चढवून केलेले. वजन दुपटीवर गेलं ते इथं. तरी ही होडी गाजली, कारण ती आगगाडीत घालून नेता येत असे.

आगगाडीचं हे गणित जर्मनांनी शेवटाला नेलं. १९०५ मध्ये आल्फ्रेड हॉइरिख या म्युनिकमधल्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यानं घडीची कयाक बनवली आणि रोझनहाइमच्या योहान क्लेपर यानं ती बाजारात आणली. क्लेपर धंद्यानं शिंपी होता, हे विसरू नका. लाकडी सांगाडा सुटा होणारा, वर रबर लावलेलं कापड. जोड पुन्हा हलते झाले. आता तर ते मुद्दाम सुटावेत म्हणूनच केलेले. दोन पिशव्या पाठीवर टाकायच्या, गाडीनं नदीच्या वरच्या अंगाला उतरायचं आणि वाहत खाली यायचं. ज्याला होडी ठेवायला जागा नाही अशा शहरी माणसाच्या घरात कयाक आली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये घडीच्या कयाकची वेगळी शर्यत होती.

यातली एक होडी आपल्या दारावरूनही गेली आहे. ऑस्कर स्पेक नावाचा बेकार जर्मन इलेक्ट्रिशियन १९३२ मध्ये डॅन्यूब नदीत उतरला आणि पुढं सात वर्षं वल्हवतच राहिला. इराणच्या आखातातून कराची, तिथून हिंदुस्थानचा पश्चिम किनारा, म्हणजे आपला सगळा कोकण धरून सिलोन, मग ब्रह्मदेश आणि डच बेटं. वाटेत कापड झिजलं की नवी होडी मागवावी लागे. १९३९ च्या सप्टेंबरात तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला, तोवर युद्ध पेटलेलं. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला थेट छावणीत टाकलं.

युद्धानंतर काच आली. काचेचे धागे विणून त्यांचं कापड करायचं, ते साच्यात अंथरायचं आणि त्यात पॉलिस्टर रेझिन मुरवायचं. न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर संयोग आता डोळ्यांना दिसेनासा झाला. तो सुईच्या टाक्यातून निघून रेझिनच्या थेंबात गेला. एक नमुना पाहा. १९५९ मध्ये ग्लासगोचा केन टेलर ग्रीनलंडमधल्या इलोरसुइत या गावातून एक कातडी कयाक घेऊन आला. डंकन विनिंग यांनी तिची मापं काढून आराखडा केला. तोच आकार थोडा मोठा करून पुढं प्लायवुडमध्ये उतरवला गेला, आणि १९७० च्या दशकात फायबरग्लासमध्ये ‘अनास ॲक्युटा’ या नावानं विकला जाऊ लागला. हे नाव एका बदकाचं आहे, हिवाळ्यात आपल्या जलाशयांवर उतरणाऱ्या तलवार बदकाचं. आकार टिकला, उपादान दोनदा बदललं. पण होडी आता एका माणसाच्या कमरेच्या मापाची राहिली नाही. साचा एकच, म्हणून कंबर ज्याची त्यानं स्पंजचे तुकडे लावून जुळवायची.

फायबरग्लास महाग पडतं ते मुख्यतः हातकामामुळं. थरावर थर, ब्रशनं रेझिन, बुडबुडे दाबून काढणं, मग झाकण आणि बूड एकमेकांना आतून पट्टी लावून जोडणं. केवलार हा धागा १९६५ मध्ये ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांना सापडला. तो काचेपेक्षा खूप हलका आणि सहसा फाटत नाही. कार्बन त्याहून ताठ, काचेच्या सुमारे तिप्पट, पण दगडावर आपटला तर काचेसारखा तडकणारा. हे कापड महाग असतंच. त्यात कमी रेझिन, जास्त दाब आणि निर्वात पिशवीखाली पिळून काढलेला प्रत्येक जादा थेंब, म्हणजे पुन्हा कुशल हातांचा वेळ. गिऱ्हाईक वजन कमी होण्याचे जे पैसे देतं, ते बरेचसे नको असलेलं काढून टाकण्याचे असतात.

आणि आता कचऱ्याचा डबा. अमेरिकेत खळाळत्या नद्यांवर जाणाऱ्या पोरांच्या फायबरग्लासच्या होड्या दगडांवर फुटत. रविवार नदीत आणि बाकीची संध्याकाळ डागडुजीत जायची. १९७३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या हॉलोफॉर्म या कंपनीनं टॉम जॉन्सनच्या आराखड्यावरून ‘रिव्हर चेझर’ नावाची पॉलिथिनची कयाक काढली. कंपनीचा नेहमीचा माल होता कचऱ्याचे डबे! पोकळ धातूच्या साच्यात पॉलिथिनची पावडर टाकायची, साचा भट्टीत दोन्ही अंगांनी फिरवत ठेवायचा, पावडर वितळून आतून सारखी चिकटते, थंड झाली की होडी बाहेर. तुमच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी अशीच होते. मोठा खर्च साच्याचा. पुढं प्रत्येक होडीला तासाभराच्या आसपास, आणि जोड जवळपास शून्य. ती स्वस्त आहे याचं खरं कारण हे.

जोड नसल्याची किंमत नंतर कळते. पॉलिथिनला बहुतेक गोंद धरत नाहीत. चीर पडली तर उष्णतेनं वितळवून जोडावी लागते, तीही सहजासहजी टिकत नाही. उन्हात बरीच वर्षं राहिली की ती ठिसूळ होते, आणि गाडीच्या टपावर आवळून बांधली तर बुडाला खळगा पडतो. फायबरग्लास तडकेल, पण दुपारभरात घरी सांधता येईल. कोकणातल्या मच्छीमारांच्या छोट्या होड्याही आता बऱ्याच ठिकाणी फायबरच्या झाल्या आहेत. सुताराचं काम रेझिनवाल्याकडे गेलं, पण दुरुस्ती गावात राहिली.

आणि वेग? इथं जाहिराती जरा जास्तच बोलतात. पंच्याहत्तर किलोचा माणूस, दहा किलोचं सामान आणि सत्तावीस किलोची प्लास्टिक होडी मिळून ११२ किलो. कार्बनची एकोणीस किलोची घेतली तर १०४. पाण्याच्या दृष्टीनं फरक सात टक्क्यांचा. एका संथ लयीत जाताना होडीची लांबी, आकार आणि बुडाचा गुळगुळीतपणा यांचा हिशेब मोठा. वजन जाणवतं ते वेग घेताना आणि होडी खांद्यावर टाकून किनारा चढताना. शर्यतीत तर हलकेपणाला नियमानंच लगाम आहे. ऑलिंपिकमधल्या सरळ शर्यतीची एकेरी कयाक बारा किलोपेक्षा हलकी चालत नाही. तिथं बरीच वर्षं डेन्मार्कच्या स्ट्रुअर कंपनीच्या, महोगनीच्या पातळ पापुद्र्यांच्या होड्या जिंकत होत्या, सिंथेटिक धागे बाजारात आल्यानंतरही.

ग्रीनलंडमध्ये मोटारबोटी आल्यावर कयाक मागे पडत गेली होती. १९८५ मध्ये तिथं ‘क़ानात कत्तुफिआत’ ही कयाक संघटना उभी राहिली आणि तरुण मुलं पुन्हा सांगाडे बांधायला लागली. कातड्याच्या जागी आता कॅनव्हास किंवा नायलॉन, वर रंगाचा नाहीतर वार्निशसारखा लेप, आणि स्नायूच्या दोऱ्याऐवजी मेण लावलेला कृत्रिम दोरा. अशी होडी पंधरा किलोच्या आसपास भरते, बहुतेक कार्बनच्या समुद्री कयाकपेक्षा हलकी. सामानाचा खर्च प्लास्टिकच्या होडीपेक्षाही कमी येतो. बांधायला मात्र कित्येक दिवस जातात, म्हणून ती विकत घ्यायला गेलात तर स्वस्त नसते. ज्याला हवी तो सहसा स्वतःच बांधतो. पहिल्या दिवशी त्याला जमिनीवर पाय पसरून बसवतात आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना मूठ टेकवून पेन्सिलीनं खूण करतात.