दवाखान्यातली वही आणि गुपित कोणाचं

आमच्या आजीला कॅन्सर झाला तेव्हा तो शब्द घरात कोणीही उच्चारला नाही. डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवलं, काकाला आत थांबवून घेतलं आणि सांगायचं ते काकाला सांगितलं. काकाने बाबांना, बाबांनी आईला आणि आईने मावशीला. आठवड्याभरात वाड्यातल्या चारही बिऱ्हाडांना बातमी कळली होती. आजीला मात्र 'आतड्याला सूज आहे' एवढंच. पुढे बाबा तिला म्हणाले, "आई, मुंबईला टाटाला एकदा दाखवून आणू." ती काही बोलली नाही. परळला १९४१ साली ते हॉस्पिटल सुरू झाल्यापासून 'टाटाला नेलंय' याचा अर्थ महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तो एकट्या आजीलाच कळणार नाही असं आम्ही का धरून चाललो होतो, कोण जाणे.

रुग्णाची माहिती डॉक्टरने गुप्त ठेवावी, यावर सगळ्यांचंच एकमत असतं. भांडण असतं ते पुढच्या प्रश्नावर. गुप्त ठेवायची, पण कोणापासून? आणि ते गुपित मुळात कोणाचं?

याचं आपल्याकडचं जुनं उत्तर चरकसंहितेत आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात गुरू शिष्याला विद्या देण्याआधी अग्नीसमोर उपदेश करतो. रोग्याच्या घरी जायचं ते ओळखीच्या माणसाबरोबर आणि परवानगी घेऊन. आत गेल्यावर वाणी, मन, बुद्धी रोग्याशिवाय दुसऱ्या कशात गुंतवायची नाही. आणि रोग्याच्या कुळातल्या गोष्टी बाहेर काढायच्या नाहीत. ग्रीकांच्या हिपोक्रेटिसच्या शपथेतही मौनाचं कलम आहे, पण चरकाचा 'कुळ' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. वैद्य घरात शिरतो, तेव्हा त्याला एकट्या रोग्याचं शरीर दिसत नाही, अख्खं घर दिसतं. गुपित घराचं आहे आणि ते उंबऱ्याबाहेर जायचं नाही. उंबऱ्याच्या आत कोणाला काय कळावं, याबद्दल लगेच पुढे आणखी एक सूचना आहे: आयुष्य सरत आल्याचं लक्षात आलं, तरी जिथे ते सांगितल्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला धक्का बसेल, तिथे ते सांगू नये. आजीच्या डॉक्टरांनी चरक वाचला होता की नाही, माहीत नाही. वागले मात्र ते तसंच.

त्यांच्या दवाखान्यात कार्डं होती, आणि कार्ड माणसाचं नसायचं, घराचं असायचं. आडनाव, गल्ली आणि क्रमांक. खाली एकाच शाईत बाबांचं पित्त, माझे कांजिण्या, आईचे पाळीचे दिवस, आजोबांचा दमा. कंपाउंडर आडनाव ऐकून खोक्यातून कार्ड काढायचा आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "ताप की जुलाब?" आतल्या खोलीचा पडदा जमिनीपासून दीड फूट वर असे. तिथे गुपित होतं ते फक्त भाषेत. क्षयाला 'कॉक्स' लिहायचं, कुष्ठरोगाला 'हॅन्सेन्स', कॅन्सरला नुसतं 'सीए'. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला तो रोगाला उजेडात आणायला. आपल्या डॉक्टरांनी त्याचंच नाव रोग झाकायला वापरलं.

हे घरगुती गुपित पहिल्यांदा फोडलं ते सरकारने, प्लेगच्या निमित्ताने.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठी आणि तापाचे रुग्ण दिसले. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मुंबईत नावाजलेले डॉक्टर आणि महापालिकेचे सदस्यही. हा गाठीचा प्लेग आहे असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. एका खाजगी डॉक्टरने आपल्या रुग्णांबद्दलची माहिती बाहेर सांगितली म्हणून उभा राहिलेला पुतळा, असंही त्याच्याकडे पाहता येईल. त्यांनी सांगितलं ते योग्यच केलं, यात शंका नाही. पण त्या माहितीचं पुढे काय झालं, ते पाहण्यासारखं आहे.

ऑक्टोबरमध्ये आयुक्त स्नो यांनी संशयित रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचे अधिकार घेतले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लोक शहर सोडून निघाले आणि त्यांच्याबरोबर प्लेगही. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. तेव्हा जेमतेम चार कलमांचा हा कायदा होता. सरकारला वाटेल ते उपाय करायची मुभा, न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. रोग्याच्या हक्काबद्दल त्यात एक शब्द नाही. हाच कायदा आपण २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला.

तोवर आजारपण ही डॉक्टर, वैद्य, हकीम आणि घर यांच्यातली बाब होती. आता ती खबर झाली. खबर लागली की माणूस इस्पितळात, घरचे विलगीकरण छावणीत, सामान जाळलं जाणार, घराची कौलं उतरवली जाणार. अशा वेळी डॉक्टरला कोण बोलावेल? लोकांनी रोगी लपवले. काखेतल्या, जांघेतल्या गाठी लपवल्या, प्रेतं लपवली. जो डॉक्टर कळवणार हे ठाऊक होतं, त्याच्याकडे जाणंच टाळलं. डॉक्टरच्या मौनावर रोग्याचा भरवसा असतो म्हणून रोगी दार उघडतो. भरवसा गेला की दार बंद होतं आणि सरकारला हवी असलेली माहितीही दाराआड राहते. प्लेगच्या अधिकाऱ्यांना हे उशिरा उमगलं. पुढच्या वर्षांत सक्ती हळूहळू ढिली करण्यात आली, त्याचं हे एक मोठं कारण.

पुण्यात मार्च १८९७ पासून वॉल्टर चार्ल्स रँडच्या समितीने घरझडतीला गोरे सोल्जर लावले. ते माजघरात, देवघरात शिरले, बायकांची तपासणी झाली. शाळेच्या पुस्तकात हा मजकूर २२ जूनच्या रात्रीकडे आणि चाफेकर बंधूंकडे धावत जातो. मला त्याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे सांगितलं की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले. इकडे पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगितली तर सरकार त्यांच्या मागे लागणार, आणि उघडपणे साक्ष द्यायला कोणी पुढे येईना. परत आल्यावर गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत आणि जाहीर माफी मागितली. त्यासाठी त्यांची बरीच छी-थू झाली. दोन घरांमध्ये काय घडलं वा घडलं नाही, हे आपल्याला आजही ठाऊक नाही. घराचं गुपित घरातच राहिलं, आणि त्यात ज्यांचं म्हणणं ऐकायला हवं होतं त्या बायकाही.

मुंबईत ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात दंगल उसळली, तीही एका मुसलमान विणकराच्या घरातल्या आजारी मुलीला तपासायला पथक आलं म्हणून. ती मुलगी कोण, तिचं पुढे काय झालं, हे दंगलीच्या वर्णनांत शोधायला जावं तर हाती काही लागत नाही.

कायद्याने डॉक्टरच्या मौनाला आपल्याकडे कधीच फार मान दिलेला नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं संरक्षित होतं. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातलं नव्हतं. ही इंग्लंडची देणगी. तिथे १७७६ साली डचेस ऑफ किंग्स्टनच्या खटल्यात सीझर हॉकिन्स या शस्त्रवैद्याने व्यवसायाची मर्यादा सांगून पाहिली, पण लॉर्ड मॅन्सफिल्डनी त्याला बोलायला लावलं. न्यायालयाने विचारलं तर डॉक्टरला सांगावंच लागतं.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांत एक जागा अशी आहे जिथे शासनाने गुपित जपण्याचा फार बारकाईने विचार केला. १९७१ चा गर्भपाताचा कायदा आणि त्याखालची १९७५ ची नियमावली. तिच्यानुसार गर्भपातासाठी आलेल्या बाईचं नाव फक्त एकाच वहीत लिहायचं. ती वही गोपनीय, कुलपात ठेवायची, पाच वर्षं जपायची, कोणालाही पाहू द्यायची नाही. बाकी सगळ्या कागदांवर, केसपेपर असो की ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, नावाऐवजी त्या वहीतला अनुक्रमांक. हे ज्याने लिहिलं त्याला आपली गावं, आपली इस्पितळं आणि आपले नातेवाईक चांगले माहीत असावेत.

मग सोनोग्राफी आली. मुली गर्भातच मारल्या जाऊ लागल्या. त्याविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्यातला प्रसिद्ध 'एफ फॉर्म' गरोदर बाईचं नाव, वय, पत्ता, आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती आणि मुली किती, हे सगळं मागतो. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत अहवाल अधिकाऱ्याकडे. त्यातली चूक ही निव्वळ कारकुनी चूक मानता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे आज एकाच प्रसूतिगृहात, बहुधा एकाच कपाटात, दोन वह्या असतात. एकीत बाईचं नाव लपवलं नाही तर गुन्हा, दुसरीत लिहिलं नाही तर गुन्हा. दोन्ही कायदे बाईच्याच भल्यासाठी आहेत आणि दोन्हींची गरज मला पटते. तरी 'आधीच्या मुली: २' असं लिहून देणाऱ्या बाईकडे समोरचा माणूस संशयाने पाहतो, हे बाकावर बसून पाहिलं आहे.

एचआयव्हीने प्लेगची सगळी गोष्ट पुन्हा घडवली, फक्त वेगाने. गोव्यातल्या पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा नेमाने रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात विषाणू सापडला. दात्याने विश्वासाने दिलेल्या रक्तातून निघालेली माहिती त्याच्याआधी पोलिसांकडे पोचली. १४ फेब्रुवारी १९८९ ला त्याला पोलिसांनी नेलं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग्यांच्या इमारतीत ६४ दिवस एकटं कोंडलं. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूद केलेली होती. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने तरतूद वैध ठरवली. गावाने मात्र त्याच्यासाठी मोर्चे काढले होते, हेही नोंदवायला हवं. 'लोक असेच असतात' हे वाक्य दर वेळी खरं नसतं. डॉमिनिकने पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला.

१९९७ मध्ये त्याच मुंबई उच्च न्यायालयाने एका एचआयव्हीबाधित कामगाराला नाव न सांगता दावा चालवू दिला. निकालात तो फक्त 'एमएक्स' आहे. पण पुढच्याच वर्षी दिल्लीत उलट घडलं. एका डॉक्टरची बाधा इस्पितळाने उघड केली, त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, त्याला गाव सोडावं लागलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की होणाऱ्या बायकोचा आरोग्याचा हक्क मोठा. इथवर समजू शकतं. पण अशा माणसाचा लग्नाचा हक्कच स्थगित असतो, असंही निकालात होतं. ते शेरे न्यायालयाने २००२ मध्ये मागे घेतले. संमतीशिवाय माहिती उघड करायची नाही हे स्पष्ट सांगणारा एचआयव्ही कायदा २०१७ चा, लागू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये. डॉमिनिकच्या अटकेनंतर २९ वर्षांनी.

गुपिताचा उलटा वापरही आपण भरपूर पाहिला आहे: रुग्णाची माहिती रुग्णालाच न देणं. 'केसपेपर गोपनीय असतात' म्हणून नातेवाइकांना परत पाठवणाऱ्या इस्पितळांना मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की प्रती द्याव्या लागतील. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत त्यासाठी ७२ तासांची मुदत आली. आमच्या आजीच्या वेळी यातलं काही नव्हतं. असतं तरी तिने अर्ज केला असता असं वाटत नाही.

ते डॉक्टर काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. जुन्या कंपाउंडरने कार्डांची खोकी रद्दीत घालायला नकार दिला आणि संध्याकाळी सायकलवरून घरोघर जाऊन ज्याचं त्याला परत केलं. आमचंही आलं. जाड पिवळं पुठ्ठ्याचं, तीन जोडपत्रं टाचलेलं. आजीच्या नावापुढे 'सीए' आणि एक प्रश्नचिन्ह, त्यानंतर मुंबईच्या तारखा. त्याच्याही आधीच्या पानावर, १९७० च्या दशकातल्या कधीतरी, तीन ओळी काळ्या शाईने पूर्ण खोडलेल्या होत्या, इतक्या घट्ट की कागद मागून फुगला होता. मी विचारलं, हे कोणाचं?

"ते डॉक्टरांनीच खोडलंय. त्या माणसासमोर बसून," कंपाउंडरकाका म्हणाले. "तुमच्याच घरातलं आहे. विचारू नका." आणि चहा न घेताच पुढच्या घरी निघाले.