काचेच्या पेटीतील ऊब: संन्यासी खेकड्याच्या घराचा इतिहास

१/ काचेची टाकी, तळाशी ओलसर वाळू आणि त्या वाळूवर पाठीशी शंख घेऊन फिरणारा एक खेकडा. थंडीत त्याला ऊब कशी द्यावी, हा प्रश्न आज पाळीव प्राण्यांच्या दुकानात विचारला जातो. मात्र बंद काचेत जीव जगवण्याचा खटाटोप जवळपास दोन शतके जुना आहे. त्यात चहा आहे, हिवतापाचे औषध आहे आणि मुंबई बंदरही आहे. #थ्रेड

२/ रिकाम्या शंखात राहणाऱ्या आणि वाढ झाली की मोठ्या शंखात बिऱ्हाड हलवणाऱ्या या जीवाची नोंद ॲरिस्टॉटलने केली होती. युरोपीय भाषांनी त्याला ‘संन्यासी’ ठरवले. जमिनीवर राहणाऱ्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘सीनोबिटा’. मठात एकत्र राहणाऱ्या साधूंसाठी जो शब्द होता, त्यावरून ते आले. नाव समर्पक आहे, कारण हा संन्यासी एकटा नव्हे, समूहाने राहतो.

३/ सीनोबिटा हा उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांचा रहिवासी. तो जमिनीवर राहत असला तरी श्वास घेतो कल्ल्यांनीच, आणि हे कल्ले ओले असतील तरच त्यांचे काम चालते. म्हणून त्याला नुसती उष्ण हवा पुरत नाही. ती दमटही असावी लागते. कोरड्या उष्णतेत तो हळूहळू गुदमरतो. पुढचा सगळा इतिहास समजण्यासाठी एवढे शरीरशास्त्र पुरे.

४/ लंडन, १८२९. डॉ. नथॅनिएल वॉर्ड यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीसह झाकणबंद बाटलीत ठेवला. पतंगाचे काय होते ते पाहायचे होते. पण मातीतून नेच्याचे आणि गवताचे कोंब वर आले. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या त्या शहरात वॉर्ड यांच्या बागेतले नेचे जगत नव्हते. बाटलीत मात्र वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती आणि कोंब तरारले होते.

५/ १८३३ मध्ये वॉर्ड यांनी नेचे, शेवाळ व गवत भरलेल्या काचेच्या पेट्या जहाजाने सिडनीला धाडल्या. रोपे जिवंत पोहोचली. परतीच्या प्रवासात ऑस्ट्रेलियातील रोपे केप हॉर्नची गोठवणारी थंडी आणि विषुववृत्ताचा उकाडा सोसून लंडनला आली. पुढे १८४५ मध्ये ब्रिटनमधील काचेवरचे अबकारी शुल्क रद्द झाले, आणि श्रीमंतांची ही काच मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरली.

६/ साम्राज्याने या पेटीचे मोल लगेच ओळखले. ईस्ट इंडिया कंपनीसाठी रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहा आणला तो वॉर्ड यांच्या पेट्यांतून. पेटीतल्या मातीतच बी पेरावे आणि प्रवासात ते रुजू द्यावे, ही त्यांची युक्ती. १८५१ मध्ये अशी बारा हजारांहून अधिक रोपे हिमालयाच्या पायथ्याकडे रवाना झाली.

७/ पण त्याच पेटीने एकदा घातही केला. हिवतापावरील क्विनाइन सिंकोना झाडाच्या सालीतून मिळे. ही झाडे भारतात रुजवण्यासाठी क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी १८६० मध्ये पेरूच्या अँडीज पर्वतातून रोपे मिळवली. पनामामार्गे ती इंग्लंडला जिवंत पोहोचली. तेथून सुएझ, तांबडा समुद्र आणि मुंबई बंदरामार्गे ती निलगिरीतील उटकमंडला जायची होती.

८/ तांबड्या समुद्रात काचेआडची हवा तापली. ही रोपे डोंगराच्या थंड, धुक्याच्या उतारांवरची. मुंबईत वेळ गेला आणि उटकमंडला पोहोचेपर्यंत त्यांचा जीव जेमतेम उरला होता. पुढे ती सारी मेली. निलगिरीतील लागवड उभी राहिली ती रिचर्ड स्प्रूस आणि रॉबर्ट क्रॉस यांनी इक्वेडोरमधून मिळवलेल्या आणि १८६१ मध्ये पोहोचलेल्या दुसऱ्या रोपांवर.

९/ असे का घडले? काच सूर्यप्रकाश आत येऊ देते, पण तापलेली हवा बाहेर जाऊ देत नाही. पाण्याची वाफ राखणारी बंद पेटी उष्णताही कोंडते. शिवाय किती उष्णता सोसवेल हे पेटी ठरवत नाही. आतला जीव मूळचा कुठला, यावर ते ठरते. मार्कहॅम यांच्या पेट्यांत ऊन होते, ओल होती. तापमानावर ताबा मात्र नव्हता.

१०/ झाडांपाठोपाठ प्राणी काचेत आले. सिसिलीतील मेस्सिना येथे जान व्हिलप्रू-पॉवर यांनी १८३२ मध्ये सागरी जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या तयार केल्या. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांचे ‘द अक्वेरियम’ प्रसिद्ध झाले आणि ब्रिटिश घरांत समुद्रातील संन्यासी खेकडे दिसू लागले.

११/ हे खेकडे थंड समुद्रातले. त्यांना धोका होता तो उन्हाळ्याचा. खिडकीतल्या टाक्यांतले पाणी कोमट होई आणि जीव मरत. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८७१ मध्ये उघडलेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात यावर उत्तर शोधले: दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा पाणीसाठा खाली अंधारात ठेवायचा आणि तेच पाणी सतत फिरवायचे. मोठा साठा हळू तापतो आणि हळूच निवतो.

१२/ उष्ण प्रदेशातील मासे युरोपात येताच प्रश्न उलटला. पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए यांनी १८६९ मध्ये आशियातील ‘पॅराडाइज फिश’ची पैदास केली. अशा माशांसाठी पुढे टाकीचा तळ पाटीच्या दगडाचा करून त्याखाली दिवा वा गॅसची ज्योत ठेवत. उघड्या काचेला ज्योत लागली तर ती तडकते. दगड उष्णता पसरवी. पण ज्योत कमी-जास्त करायला माणूस जागा असावा लागे.

१३/ त्या माणसाची जागा घेणारे यंत्र अंडी उबवण्याच्या धडपडीतून आले. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल यांनी उबवणीच्या भट्टीची उष्णता पाऱ्याच्या साहाय्याने आपोआप राखली. जॉन हॅरिसन यांनी सागरी घड्याळासाठी दोन धातूंची पट्टी घडवली. उष्णतेने ती वाकते. १८३० मध्ये अँड्र्यू यूर यांनी याच तत्त्वावरच्या उपकरणाचे पेटंट घेतले आणि त्याला ‘थर्मोस्टॅट’ म्हटले.

१४/ १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅरिबियन किनाऱ्यावरचा सीनोबिटा पाळीव प्राणी म्हणून लोकप्रिय झाला. रंगवलेल्या शंखांसह तो जाळीच्या पिंजऱ्यात विकला जाई. तेथे ऊब टिकत नसे आणि ओलही. अनुकूल परिस्थितीत दशकानुदशके जगणारा हा जीव त्यामुळे काही महिन्यांचा पाहुणा ठरला. वॉर्ड यांची काचपेटीच त्याला हवी होती.

१५/ आता मूळ प्रश्न. टाकीखाली तापणारी चटई ठेवणे ही जुन्या ज्योतीचीच नक्कल, आणि येथे ती घातक ठरते. कवच टाकण्याच्या वेळी हा खेकडा वाळूत खोल पुरून घेतो व कित्येक आठवडे हलत नाही. निसर्गात खोलवर गारवा आणि ओल असते. टाकीत मात्र तळच तापलेला, वाळू कोरडी आणि खेकडा मऊ, असहाय. जेथे त्याने आसरा घेतला, तेथेच तो भाजतो.

१६/ म्हणून चटई टाकीच्या मागच्या काचेवर, बाहेरून आणि वाळूच्या पातळीच्या वर लावावी. तिला थर्मोस्टॅट जोडावा आणि त्याचा संवेदक खेकड्यांच्या वावराच्या उंचीवर ठेवावा. हवा साधारण २४ ते २९ अंश सेल्सिअस, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे. टाकीचे एक टोक थोडे गार ठेवावे, म्हणजे जागा खेकडा निवडेल. वर झाकण, आत तापमापक आणि आर्द्रतामापक. टाकी उन्हाच्या खिडकीत कधीच नको.

१७/ या यादीतील एकही गोष्ट नवी नाही. झाकण वॉर्ड यांचे, संथ तापणाऱ्या साठ्याचा विचार लॉइड यांचा, नियंत्रण ड्रेबेल आणि यूर यांचे. खिडकीतल्या उन्हाचा इशारा तांबड्या समुद्रात करपलेल्या सिंकोनाच्या रोपांनी देऊन ठेवला आहे. कोकणपट्टीसारख्या दमट, उबदार हवेत तर बहुतेक वर्ष हीटरची गरजच पडणार नाही. तेथे आधी तापमापक पाहावा.

#मराठी #इतिहास #विज्ञानाचा_इतिहास